ठकूकाकीची मोट

ठकूकाकी मोटेच्या नाड्यावर बसायची. निरवांगीत माझ्या मामाच्या मळ्याला लागूनच तिचा मळा होता. बैल धावेच्या उतारावरून मोट ओढू लागले की ती काचा आवळून त्या जाड दोरावर गड्यासारखी बसे. मोट रिकामी झाली की उतरून बैलांना मागे बोलावी. बाई नाड्यावर बसली तर विहीर बाटते, असे गावात मानत. "ही हीर एक दिस माणूस मागणार," असे एक म्हातारी माझ्यादेखत म्हणाली होती. मी पुण्याच्या मिशन शाळेत शिकत होते, सुट्टीत मामाकडे येत असे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. तरी त्या दिवसापासून मी त्या काठाशी जाईनाशी झाले.

काकीचे यजमान आबा. पायावरून गाडीचे चाक गेल्यापासून ते लंगडत. तेव्हा काकीने मोट घेतली आणि आबांनी चूल. आठ वर्षे तसेच चालले होते. वाटेवरचे गडी मुद्दाम हाक देत, "काय आबा, आज कोरड्यास काय?"

"पिठलं. ये की जेवाय. भांडी मात्र तुला घासाय लागतील."

सगळे हसत, आबाही हसत. माणसे पुढे गेली की मात्र ते बराच वेळ चुलीतला विस्तव उगाच ढोसत बसत.

मी फार बोलत नसे, म्हणून काकी मला छेडायची. एकदा म्हणाली, "इंग्रजीबाई, तुमच्या इंग्रजीत बैलाला माघारी कसं बोलवत्यात?"

"माहीत नाही."

"मग साळंत शिकवत्यात तरी काय!"

तिचे बैल तिच्या सुरावर पावलापावलाने मागे येत आणि अगदी काठाशी आले की तिने जिभेने 'टक्' केल्यावर थांबत. तो आवाज दुसऱ्या कोणाला जमत नसे. मी गुपचूप करून पाहिला होता, मलाही जमला नाही.

तिची मुलगी सखू सोळा वर्षांची झाली. पळसदेवकडची माणसे तिला बघायला येणार होती. मामा काकीला म्हणाले, "वहिनी, एक दिस तरी तुमी चुलीपाशी दिसा आन् आबा मोटेवर. पोरीचं काम हाय." काकीने आबांकडे पाहिले. आबा म्हणाले, "एका दिसानं काय हुतंय?"

त्या दिवशी उजाडायच्या आत आबांनीच भाकऱ्या भाजून दुरडीत झाकून ठेवल्या. पाहुणे आले तेव्हा काकी पदर घेऊन चुलीपुढे बसली होती आणि मी तिच्या शेजारी. विहिरीवरून आबांची हाक ऐकू येत होती. बैल अडखळत होते, ते काकीला घरात बसून कळत होते. तिसऱ्या मोटेला ती अर्धी उठली. तेवढ्यात मुलाची आत्या म्हणाली, "भाकरी लई मऊ हाय वो तुमची. लेकीला शिकवली न्हवं?"

"व्हय," म्हणून काकी खाली बसली. तिने दारातून एक हाक दिली असती तर बैल थांबले असते. हे मलाही ठाऊक होते. पाहुण्यांपुढे मला कंठ फुटला नाही.

मग बाहेर ओरडा झाला. बैल मागे येताना थांबले नव्हते, आणि विहिरीकडे पाठ करून उभ्या आबांचा लंगडा पाय वेळेवर सरला नव्हता. विहिरीतून त्यांना बाहेर काढले तेव्हा त्यांच्या मनगटाला सुकलेले पीठ तसेच चिकटून होते.

गाव म्हणाले, बाईने विहीर बाटवली, विहिरीने माणूस घेतले. पाहुणे मात्र भले निघाले. घरात मर्तिक झालेय, तर वर्षाच्या आत लग्न उरकू, असा त्यांचा निरोप आला. तेरावा झाल्यावर काकीने मला बोलावले. "कागद आन. त्यास्नी लिव. भाकरी ह्येंनी भाजली हुती. मोट आठ वरसं मी हाकली. सखूलाबी हाकाय येती."

"काकी, लग्न मोडेल."

"मोडू दे. न्हायतर तिचा नवराबी कवातरी चार माणसांत असंच सोंग कराय जाईल."

मी लिहिले. चुलीपाशी आम्ही दोघी गप्प बसलो, हे तिने सांगितले नाही आणि मीही लिहिले नाही.

पंधरा दिवसांनी लग्न ठरल्याचा नारळ पळसदेवहून परत आला. तो घेऊन मामा मळ्यात गेले, मी त्यांच्या मागे होते. काकी मोटेवरच होती. नारळ पाहून ती थांबली नाही. "ठिवा वसरीवर," एवढेच म्हणाली आणि तिने सखूला हाक मारली. सखूने पदर खोचला, कासरा हातात घेतला. मामांनी तोंड फिरवले.

काकीने तिचे दोन्ही खांदे धरून तिला जागेवर नीट उभे केले.

"हिरीकडं पाठ करू नगंस," ती म्हणाली, आणि बाजूला झाली.