त्यांच्या शब्दावर

ड्रायव्हरदादांची जीप पूर्ण भरल्याशिवाय तळोद्याहून मोलगीला कधी सुटली नाही. टपावर दोघं चढल्याखेरीज आणि मागे पायदानावर एक जण लोंबकळल्याखेरीज ते किल्ली फिरवत नसत. पण गुरुवारी संध्याकाळी बंद पडलेल्या गिरणीच्या खोलीत दारू सोडणाऱ्यांची बैठक असे, ती एकच माणूस आला तरी सुरू करत. "ही गाडी एक सवारीवर बी चालस," म्हणायचे.

मी तिथे फसून गेलो. कचेरीसमोर चहा पिताना ते म्हणाले होते, "भाऊसाहेब, आम्ही गुरुवारले बसतस. तुम्ही बी या." आमच्याकडे 'बसणं' म्हणजे काय, हे माझ्यासारख्या कारकुनाला सांगावं लागत नाही. मी शेव आणि खारे शेंगदाणे घेऊन पोचलो. आत पाच माणसं पोत्यांवर बसलेली, मधे पाण्याची कळशी. शेंगदाणे सगळ्यांनी आवडीनं खाल्ले. नंतर मी चिडलो तेव्हा दादा हसले. "खरं सांगं असतं ते तुम्ही येतात का?"

आलो नसतो. तेव्हा बायको मुलीला घेऊन शहाद्याला माहेरी निघून गेली होती. मी दोनदा आणायला गेलो, दोन्हीदा रिकामा परतलो. तीन महिने बैठकीला गेल्यावर दादांनी तिला फोन केला आणि तिसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "तुमना शब्दवर नही, त्यासना शब्दवर उनू मी."

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर जळू लागलो. ज्यानं माझं घर परत आणून दिलं त्याच्यावर. मला घरी यायला उशीर झाला की बायको फोन करायची तो दादांना. मुलगी दहावी पास झाली तेव्हा पेढे आधी त्यांच्या घरी गेले. आणि ते बोलायचे किती सहज! दारू पिऊन घाटात जीप उलटवली, शेजारी बसलेल्या बायकोचा हात कायमचा वाकडा झाला, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. त्यांच्या घरी गेलो की वहिनी दुसऱ्या हातानं चहा देत आणि म्हणत, "ह्यासनी ड्रायव्हिंग पहिलेपासूनच अशी शे." दोघं हसायचे. मी मुलीच्या शाळेत, बक्षीस समारंभात झिंगत स्टेजवर चढलो होतो. तिनं बाईंना सांगितलं होतं, हे माझे वडील नाहीत. बैठकीत मी एवढंच सांगे, "थोडी घेत होतो." दादा कधी खोदून विचारत नसत. त्याचाही मला राग येई.

होळीच्या आधी कामासाठी मोलगीला गेलो होतो. बाजाराच्या पलीकडे एका पाड्यावर दहाबारा म्हातारे गोल करून बसले होते आणि मधे दादा. हातात पळसाच्या पानाचा द्रोण, द्रोणात मोहाची दारू. वास रस्त्यापर्यंत येत होता. मी थांबलो नाही. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. परतीच्या जीपमध्ये मी गुणगुणत होतो.

गुरुवारी दादा यायच्या आधी मी सगळ्यांना सांगितलं. एक गवंडी होता, चार महिने न प्यायलेला. तो चप्पल घालून निघून गेला.

दादा आले, त्यांनी ऐकून घेतलं. "मन्हा हातमा व्हती, हाई खरं शे," म्हणाले. वडिलांचं दिवसकार्य होतं. त्यांच्या समाजात बापाच्या नावाची दारूची धार मोठ्या मुलानंच जमिनीवर सोडायची असते. पहिली धार बापाला, मग बाकीच्यांना. त्यांनी धार सोडली आणि द्रोण शेजारच्याला दिला. इतकंच. माझ्याकडे त्यांनी रागानं पाहिलंही नाही. विचारलं फक्त, "गवंडी कोठे गया?"

गवंडी पुन्हा प्यायला लागला होता. दादा तीनदा त्याच्या घरी गेले. त्यानं दार उघडलं नाही.

पावसाळ्याआधी त्यांनी जीप विकली आणि वर वडिलांच्या पाड्यावर राहायला गेले. तिथली पोरं फार प्यायला लागलीत, तिथे बैठक हवी, म्हणाले. जाताना सगळ्यांसमोर सांगून गेले की गुरुवारी खोली भाऊसाहेब उघडतील. माझ्याहून जुने तिघं होते. त्यांनी माझं नाव का घेतलं, हे मी विचारू शकलो नाही. तिथे फोन लागत नाही. कधी लागलाच तर बायको अंगणात जाऊन बोलते, आणि ती मोकळेपणानं हसली की मी आजही आतून कान देऊन ऐकतो.

गेल्या गुरुवारी मी एकटाच होतो. दारात गवंडी येऊन उभा राहिला. वाळलेला, डोळे पिवळे.

"दादा शेत का?"

"नही. वर गयात."

"मंग आते कोन शे?"

"मी शे."

त्याचा चेहरा पडला. हा चेहरा मी माझ्या घरी पाहिलेला आहे. तो दाराजवळच्या पोत्यावर टेकला, चप्पल पायातच. मी त्याला सांगितलं की दादा प्यायले नव्हते. ती गोष्ट मी पसरवली, आणि पसरवताना मला बरं वाटलं होतं. मग शाळेतल्या स्टेजचंही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. तो उठून जाईल असंच मला वाटत होतं.

मग त्यानं चपला काढून भिंतीशी सारल्या.

"पंखा लावा ना भाऊसाहेब," तो म्हणाला. "गरम व्हई ऱ्हायनं."