निमाईबाबू, कॅमेरा खांबाकडे!

वृंदाताईंनी मांडीवरची उशी उचलली आणि सरळ टीव्हीवर भिरकावली. उशी नेमकी प्रमुख पाहुण्यांच्या तोंडावर बसली. पाहुणे मात्र हसतच राहिले, कारण त्यांना तिकडे डमडमच्या मैदानावर हार घातला जात होता आणि तो सोहळा थेट प्रक्षेपणात अगदी जवळून दिसत होता. दिसत नव्हता तो फक्त खो-खोचा सामना.

"अहो, बघा तरी! उपांत्य फेरीचा शेवटचा डाव चाललाय, चैत्राली मैदानात आहे, आणि हा कॅमेरावाला हार दाखवतोय!"

"शिट्टी ऐकू आली," श्यामसुंदरराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "कोणीतरी बाद झालं वाटतं."

"कोण? आता शिट्टीवरून ओळखू का मी?"

वृंदाताई मूळच्या फलटणच्या. शाळेत, कॉलेजात खो-खो खेळल्या, जिल्ह्याच्या संघात गेल्या, आणि लग्न होऊन थेट कोलकात्यात आल्या. देवस्थळी कुटुंब इथे तीन पिढ्यांचं, बालीगंजला राहणारं. सासरी माणसं चांगली होती, गावही आवडलं, पण इथे खेळाविषयी बोलायचं म्हणजे फुटबॉल, नाहीतर क्रिकेट. शाळेत गणित शिकवताना स्टाफरूममध्ये त्यांनी खो-खोचा विषय काढला, की बंगाली मैत्रिणी कौतुकाने म्हणायच्या, "अगं, तो तर लहानपणीचा खेळ!" वृंदाताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढी वर्षं हा खेळ त्यांनी पेपरातल्या दोन ओळींत वाचला होता. गेल्या काही वर्षांत कुठे मोबाइलवर सामने दिसायला लागले होते, तर हे असं.

त्यात यंदाची आंतरराज्य स्पर्धा चक्क कोलकात्यातच, डमडमला. महाराष्ट्राच्या मुलींचा संघ येणार हे कळल्यापासून त्या हवेत होत्या. चैत्रालीला त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, पण ती किशोरी गटात होती तेव्हापासून तिचा एकही सामना चुकवला नव्हता. आणि स्पर्धेच्या तोंडावर त्यांचा पाय जिन्यात मुरगळला. घोटा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी बजावलं, घराबाहेर पडायचं नाही. म्हणून आपल्याच गावात चाललेला सामना त्या सोफ्यावर बसून बघत होत्या. म्हणजे बघायचा प्रयत्न करत होत्या.

पहिल्या दिवसापासून तेच. कॅमेरा एकच, आणि तो चेहऱ्यांच्या मागे. मैदानात बसलेल्या एखाद्या मुलीचं बटमोगऱ्यासारखं हसू पडदाभर दिसायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला कोणीतरी खांबावर सूर मारून गडी बाद केलेला असायचा. गुणफलक दोन गुण मागे. मध्येच सगळं गोठायचं आणि सुरू व्हायचं तेव्हा डाव बदललेला असायचा. खाली प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत नुसता आक्रोश. धाराशिवचे क्रीडाशिक्षक अथर्व सगळ्यांत पुढे. "कुणी कोलकात्याचं आहे का हो? त्या माणसाला हलवा!" असं त्यांनी चार वेळा लिहिलं.

हार घालून झाले. कॅमेरा मैदानाकडे वळला तेव्हा महाराष्ट्राच्या मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या. जिंकल्या होत्या. कशा जिंकल्या, ते कोणालाच दिसलं नव्हतं.

वृंदाताईंनी फोन घेतला आणि टाइप केलं, "मी कोलकात्याची आहे. उद्या जाते."

"पाय?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"पाय घेऊनच जाते."

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात हा सूर श्यामसुंदररावांच्या ओळखीचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मुकाट्याने टॅक्सी बोलावली, कपाटावरून आपल्या वडिलांची काठी काढली आणि बायकोच्या हातात दिली.

अंतिम सामना होता महाराष्ट्र आणि बंगाल असा. टॅक्सी बायपासला सुसाट आली आणि उल्टाडांग्याला येऊन रुतली. पुढे बस, मागे बस, बाजूला मिठाईचे खोके लादलेली व्हॅन. वृंदाताईंच्या हातातल्या फोनवर प्रक्षेपण सुरू झालं होतं. दिवा लावला गेला. एका गायिकेने स्वागतगीत म्हटलं. मग अध्यक्ष बोलायला उठले.

"बोला, बोला, भरपूर बोला," वृंदाताई पडद्याला म्हणाल्या. आदल्या दिवशी पाहुण्यांच्या हाराला त्यांनी उशी मारली होती, आणि आज अध्यक्षांच्या भाषणाला त्या टाळ्या वाजवत होत्या. ड्रायव्हर आरशातून बघून हसला. अध्यक्षांनंतर सचिव बोलले, सचिवांनंतर आणखी कोणी. तेवढ्यात सिग्नल सुटला.

मैदानावर पोचल्या तेव्हा दोन्ही संघांच्या मुली रांगेत उभ्या होत्या. श्यामसुंदरराव खुर्ची शोधत होते, पण वृंदाताई काठी टेकत सरळ निघाल्या त्या बांबूच्या मचाणाकडे. मचाणाखालच्या टेबलावर लॅपटॉप होता आणि वर कॅमेऱ्यामागे एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. गळ्यात मफलर, कपाळावर घाम.

"कॅमेरा तुम्हीच चालवता?" वृंदाताईंनी बंगालीत विचारलं. इतकी वर्षं वर्गात बंगाली मुलींना धाकात ठेवलेला आवाज तो. गृहस्थ दचकलेच.

"हो. मी निमाई पाल."

"काल शेवटच्या डावात तुम्ही हार का दाखवत होतात?"

निमाईबाबूंचा चेहरा पडला. त्यांनी मचाणावरून वाकून, बंगाली रीतीने मावशी म्हणत हळूच सांगितलं, "मासिमा, मी लग्नाचं शूटिंग करतो. ज्यांना हे काम दिलं होतं ते आलेच नाहीत, म्हणून मला बोलावलं. हा खेळ मी आयुष्यात पाहिलेला नाही. कोण कोणाला पकडतंय तेच कळत नाही. लग्नात कसं, चेहरा धरला की काम झालं. सगळे शिव्या देतायत ते वाचलंय मी. रात्री जेवण गेलं नाही."

वृंदाताई भांडायची तयारी करून आल्या होत्या. तो सगळा दारूगोळा जागच्या जागी भिजला. त्यांनी वर पाहिलं. मचाणाला चार पायऱ्यांची शिडी होती.

"हात द्या," त्या म्हणाल्या.

"वृंदा!" खालून श्यामसुंदररावांचा आवाज आला, पण तोवर त्या वर पोचल्या होत्या. घोट्यातून कळ मस्तकात गेली. त्यांनी दात आवळले आणि निमाईबाबूंच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐका. चेहरे विसरा. बसलेल्या मुलींकडे बघू नका. पळणारी जिथे निघालीय, तिच्या थोडं पुढे कॅमेरा ठेवा. मी सांगेन तिकडे वळवा. आणि मी 'खुँटी' म्हटलं, की काही विचार न करता खांबावर जायचं."

बंगालीत खांबाला खुँटी म्हणतात, हे वृंदाताईंना तेवढ्यात आठवलं ते बरंच झालं.

शिट्टी वाजली. "डावीकडे... अजून... उजवीकडे, उजवीकडे! थांबा, ती हुलकावणी देतेय, हलू नका. खुँटी! खुँटी!" पहिल्या काही खेपांना निमाईबाबू मागे पडले. एकदा तर कॅमेरा आभाळाकडे गेला. मग हळूहळू त्यांच्या हातांना लय सापडली. खांद्यावरचा हात दाबला गेला, की कॅमेरा वळायला लागला. खाली श्यामसुंदरराव लॅपटॉपपाशी बसले आणि प्रतिक्रिया मोठ्याने वाचू लागले.

"अथर्व लिहितायत, 'हे काय झालं? कॅमेरा बदलला का?' कुणी विचारतंय, 'हा सूर खरंच दिसला की मला भास झाला?'"

सामना रंगत गेला. महाराष्ट्राने आघाडी घेतली, बंगालने ती मोडून काढली. शेवटच्या डावात बंगालच्या मुली आक्रमणाला उतरल्या तेव्हा त्या थोड्याच गुणांनी मागे होत्या. वेळ सरत आली तेव्हा बरोबरी झाली होती आणि मैदानात उरली होती चैत्राली. सगळ्या मैदानाने आरडाओरडा करून आभाळ डोक्यावर घेतलं. चैत्राली बसलेल्या मुलींमधून सुईदोऱ्यासारखी आत-बाहेर पळत होती. खो मिळत होते, हात तिच्या पाठीपर्यंत येत होते आणि हवा धरून परत जात होते.

"पळ गं, पळ!" वृंदाताई मराठीत ओरडल्या. निमाईबाबूंना शब्द कळले नाहीत, पण कॅमेरा बरोबर तिच्या पुढे होता.

चैत्राली खांबाला वळसा घालायला निघाली. मागच्या मुलीने वेग वाढवला. ती काय करणार हे वृंदाताईंना तिच्या झुकलेल्या खांद्यावरून कळलं. एका क्षणापुरता त्यांना मोह झाला. कॅमेरा दुसरीकडे वळला असता, तर चैत्रालीचं बाद होणं कुणालाच दिसलं नसतं... पण तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "खुँटी!"

बंगालच्या मुलीने खांब धरला आणि अंग झोकून दिलं. आडवी, जमिनीला समांतर, बोटं ताणलेली. चैत्रालीच्या टाचेला ती टेकली. शिट्टी. आणि लगेच शेवटची लांब शिट्टी.

बंगाल एका गुणाने जिंकला होता. निमाईबाबू नाचायला लागले, मचाण हलायला लागलं, आणि मग एकदम थांबून ते अपराध्यासारखे म्हणाले, "मासिमा, तुमची मुलगी..."

"नाचा हो," वृंदाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या हसतही होत्या. "असा सूर बघायला मिळत नाही सारखा. काय मारला तिने!"

खालून श्यामसुंदररावांनी वाचलं, "अथर्व लिहितायत, 'हरलो. पण दिसलं! सगळं दिसलं!'"

थोड्या वेळाने एक घामेजलेली मुलगी मचाणाखाली आली. गुडघ्याला माती, डोळे लाल. वृंदाताईंनी तिला लगेच ओळखलं आणि निमाईबाबूंचा हात धरून त्या शिडीवरून खाली उतरल्या.

"काकू, तुम्ही मराठीत ओरडत होतात ना?" चैत्रालीने विचारलं. "मला एकदा दाखवाल का? हात लागला का मला, काही कळलंच नाही."

निमाईबाबूंनी लॅपटॉपवर तो क्षण काढला आणि सावकाश चालवला. चैत्राली पडद्याला नाक लावून बघत होती. बोटं आली, टाच उचलली जात होती, बोटं टेकली.

"लागला," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुन्हा लावा. तिने उजवा हात कधी सोडला ते बघायचंय. पुढच्या वेळी मला तिथे आत शिरायला हवं."

वृंदाताई तिच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. सुजलेला पाय त्यांनी दुसऱ्या खुर्चीवर ठेवला, चष्मा पुसला आणि निमाईबाबूंना म्हणाल्या, "अगदी सुरुवातीपासून लावा."