हिरव्या डोक्याचा साक्षीदार

सत्तर सालच्या सुमारास ओहायोत मक्याच्या शेतांमध्ये तांत्रिक शाळा निघाली. विटांपासून नळांपर्यंत सगळी शाळा तिथल्या पोरांनीच उभारली. लोर्ना स्टट्झमनला केशभूषेचा वर्ग मिळाला. ऐन तरुणपणी विधवा झालेल्या लोर्नाने कात्रीवरच संसार ओढला होता. त्यामुळे लोक त्या वर्गाला 'पोरींचा टाइमपास' म्हणाले की तिचा तिळपापड व्हायचा.

आणि पहिल्याच आठवड्यात घात झाला. मुख्याध्यापकांची बायको केस सोनेरी करून घ्यायला आली आणि कोबीसारखी हिरवी होऊन बाहेर पडली. गावभर बभ्रा झाला. सरावाला एक डोकं मिळेना. शुक्रवारी राज्याचा तपासनीस येणार होता. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की वर्गाला टाळं.

लोर्नाने बाटल्या हुंगल्या, औषधं बदलली. मग तिला बेसिनमधला हिरवट डाग दिसला आणि वर चकाकणारे तांब्याचे नवे नळ. तांबं पाण्यात उतरून केसांना हिरवं करतंय, हे सांगायला ती तडक नळजोडणीच्या वर्गात शिरली. तिथले पिकल्या केसांचे मास्तर, एल्डन प्रॉक्टर, फिसकन हसले.

"नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या नळांना नावं ठेवू नकोस, बाई."

"मग बसा खुर्चीत. पाणी तुमचं, डोकंही तुमचंच."

पोरांसमोर माघार कशी घेणार? बसले. टॉवेल निघाला, एल्डननी आरशात पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "शेवाळलोय की मी," ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी तेच हसत सुटले. लोर्ना तर हसता हसता जमिनीवरच बसली.

पोरांनी तांबं उपटून प्लास्टिकचे नळ बसवले. तरी शुक्रवारी गावातली एकही बाई फिरकली नाही. तपासनिसाने दार उघडलं तर ड्रायरखाली नळजोडणीचा अख्खा वर्ग ओळीने बसलेला, डोक्याला रोलर, खिशात नट आवळायचे पाने. टोकाला हिरवे एल्डन.

"आपण कोण?" तपासनिसाने विचारलं.

"गिऱ्हाईक. दुसऱ्यांदा आलोय."

वर्ग वाचला. लोर्नाने एल्डनना बेसिनजवळ नेलं. ती म्हणाली, "बसा, आता रंग काढून देते."

"सोमवारी काढ. रविवारी चर्चला सगळ्या बाया असतात. नळ कुणाचे होते ते कळू दे त्यांना."

सोमवारी लोर्ना किल्ल्या घेऊन आली, तर दाराबाहेर बायकांची रांग लागलेली. सगळ्यांत पुढे मुख्याध्यापकांची बायको होती.