दादाच्या नावावरची गाडी

गाडीला घातलेला हार त्यांनी काढला आणि मायच्या हातात परत दिला.

हिंगोलीतलं मोटरसायकलचं शोरूम. जिल्हा तेव्हा नवीनच झाला होता. माझा थोरला भाऊ, दादा, एसटी डेपोत हेल्पर म्हणून कायम झाला आणि त्याच्या मनानं घेतलं, आता आपली गाडी पाहिजे. गोरेगावहून जीपमध्ये माणसावर माणूस बसून आम्ही तिघं आलो. दादा, माय आणि मी. मायने ठेवणीतलं पातळ नेसलेलं. झेंडूचा हार तिनं स्वतः ओवला होता आणि चुरगळू नये म्हणून वाटभर मांडीवर धरला होता.

शोरूमचा माणूस आधी गोड बोलत होता. त्यानं हार गाडीला घातला. कुंकवाचं ताट पुढं केलं. माय म्हणाली, "आमच्यात न्हाई लावत." झालं. आम्ही बौद्ध, हे त्याला कळलं. आमच्या भागात कुंकू नको म्हटलं की आडनाव विचारायची गरज पडत नाही. त्याचं हसू आवरतं झालं.

शोरूमच्याच कोपऱ्यात कर्ज देणाऱ्या कंपनीचं टेबल होतं. टेबलावर नवा कोरा कॉम्प्युटर. तिथल्या साहेबानं दादाचं नाव टाकलं. पडद्याकडे बघितलं, मग दादाकडे बघितलं. आणि सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं बोलला.

"एका नावावर किती गाड्या घेता रे तुम्ही लोक? आधीची घेतली, हप्ते बुडवले, आता ही पण बुडवायची का?"

दादा म्हणाला, "साहेब, माझ्याकडं सायकलबी न्हाई."

आजूबाजूची माणसं हसली. साहेबानं आधीच्या गाडीचा नंबर वाचून दाखवला. मग शोरूमच्या माणसाला म्हणाला, "हार काढ त्या गाडीचा."

त्यानं हार काढला. तो फेकून दिला असता तरी चाललं असतं. त्यानं तो मायच्या हातात ठेवला. नीट, दोन्ही हातांनी. मायला वाटलं, काही मानाचं आहे. ती त्याच्याकडे बघून हसली. मायचं ते हसू मला अजून सहन होत नाही.

दादानं मात्र नंबर ओळखला होता. गावात तेव्हा मोटरसायकली होत्याच किती. ती लाल गाडी भाऊसाहेबांच्या पोराची. भाऊसाहेब म्हणजे आमच्या गावातलं बडं प्रस्थ. जमीन, खताचं दुकान, तालुक्यात वट. माय त्यांच्याच घरी झाडलोट करायची, हळदीच्या दिवसांत हळद शिजवायला जायची. आणि अंगणात उभी असलेली ती लाल गाडी रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची. तिला अक्षर येत नव्हतं. येत असतं तरी नंबरावरून तिला काय कळणार होतं? स्वतःच्या लेकाच्या नावावरची गाडी ती दुसऱ्याच्या पोरासाठी पुसत होती.

उलगडायला वेळ लागला नाही. मागे भाऊसाहेबांनी अख्ख्या बौद्धवाड्याकडून फोटो, रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि सह्या घेतल्या होत्या. घरकुलं मिळवून देतो म्हणाले होते. घरकुल कुणालाच मिळालं नाही. कागद मात्र कामाला लागले. हप्ते थकल्याची पत्रंही भाऊसाहेबांच्याच पत्त्यावर जात होती.

जीपमधून उतरलो ते आम्ही सरळ त्यांच्या अंगणात गेलो. भाऊसाहेब ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. आम्ही खाली उभे. तिथं उभं कुठं राहायचं हे आमच्या पायांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. गाडी समोरच होती. सकाळीच पुसलेली.

दादानं विचारलं. आवाज चढवला नाही. भाऊसाहेबही चिडले नाहीत. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. मला तेच जास्त लागलं.

"माझ्या नावावर ट्रॅक्टर हाय. कंपनी दुसरं कर्ज देत नव्हती," ते म्हणाले. "म्हनून तुझं नाव दिलं. मंग काय झालं? नाव वापरलं तर काय झिजलं का रे तुझं?"

माय दादाचा हात ओढायला लागली. "चाल लेकरा घरी. चाल."

दादा हलला नाही. गाडीकडे बघत राहिला. मग पुढं झाला, स्टँड काढला आणि हँडलला धरून गाडी ढकलत अंगणाबाहेर निघाला. "माझ्या नावावर हाय ना? मंग मी घेऊन चाललो," एवढंच म्हणाला. ओट्यावर बसलेला भाऊसाहेबांचा पोरगा उठायला लागला तर बापानं त्याला हातानं खाली बसवलं. सुपारी तोंडात टाकली. हसले.

आमच्या वाड्यातली माणसं घराबाहेर येऊन बघत होती. दादा भर गावातून ती गाडी ढकलत आणत होता. माझी छाती भरून आली होती. मी बारावी झालेली पोरगी, मला वाटलं, जिंकलो. भाऊसाहेब का हसले हे मला कळलं नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी कंपनीच्या टेबलावर कळलं. साहेब म्हणाला, "गाडी कुठं आहे?"

"आमच्या दारात," मी मोठ्या हिमतीनं सांगितलं.

"मग कर्ज कुणाचं?"

पोलीस ठाण्यातही तेच. नाव तुझं, फोटो तुझा, सही तुझी, गाडी तुझ्या दारात. मग चोरी कुणी कुणाची केली? जमादार हसत होता. दादानं आयुष्यात एकदा मान वर करून आपलं म्हणून काही उचललं, आणि त्यानंच तो अडकला. भाऊसाहेबांना हे अंगणातच कळलं होतं. कायदा त्यांच्या घरात पाहुण्यासारखा उठबस करायचा. आमच्याकडे तो यायचा तो दांडका घेऊनच.

मी टेबलावरच्या साहेबाला एक विचारलं. "कर्ज द्यायच्या आधी आमच्या घरी कुणी आलं होतं का? दादाला कुणी विचारलं होतं का?"

"चौकशी केलेली आहे," तो म्हणाला. "गावातल्या प्रतिष्ठित माणसाकडं."

म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती. कंपनीचा माणूस गावात आला, भाऊसाहेबांच्या ओट्यावर बसला, चहा प्याला आणि विचारलं, हा माणूस कसा आहे हो? भाऊसाहेब म्हणाले असतील, चांगला आहे, आपलाच आहे. आपलाच. चोरालाच साक्षीदार करायची ही पद्धत कागदोपत्री अगदी बरोबर होती. आमच्या वाड्यात यायला त्याला दोन गल्ल्या ओलांडाव्या लागल्या असत्या. तेवढं कुणी कधी चाललंच नाही.

मायचं काम सुटलं. भाऊसाहेबांनी काढलं नाही, तिनंच पुन्हा तिथं पाऊल टाकलं नाही. दादा पगारातून त्या गाडीचे हप्ते फेडत राहिला आणि कामाला मात्र जीपनंच जात राहिला. गाडीला त्यानं एकदाही किक मारली नाही. माय तिच्यावरून फडकं फिरवेना. सीटवर कोंबड्या बसायच्या. लाल रंग उन्हानं विटून गेला. शेजारचे म्हणायचे, इकून टाक की बाबा. तर विकायलाही कर्ज फिटल्याचं कंपनीचं पत्र लागत होतं. दादाचं बोलणं कमी होत गेलं. डेपोत कुणी मस्करी केली तरी तो ओशाळं हसायचा. लग्नाची बोलणी आली तेव्हा मुलीकडच्यांनी चौकशी केली आणि त्यांना कुणीतरी सांगितलं, पोरगा कर्जबुडवा आहे. ते परत आले नाहीत.

मी नांदेडला कॉम्प्युटर शिकले. दादाच्याच पगारावर. मग औरंगाबादला नोकरी लागली, ती नेमकी अशाच कंपनीत. कर्ज मागणाऱ्यांची चौकशी करून देणारी एजन्सी. मी माहिती भरायचं काम करायची. माझं आडनाव दोन-तीन समाजांत चालतं. त्यामुळे तिथल्या साहेबानं मला आपल्यातली धरलं होतं. डब्यातलं लोणचं द्यायचा.

एकदा नवीन मुलांना तो काम समजावत होता. "काही वस्त्या आहेत. तिथं आत जायचंच नाही. नाक्यावरच्या दुकानात विचारायचं आणि निगेटिव्ह, म्हणजे कर्ज देऊ नये, असं लिहून टाकायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्यासारख्या चांगल्या घरातल्या मुलींना तर त्या लोकांत पाठवणंच नको."

मी म्हणाले, "मी त्याच लोकांतली आहे, सर."

लोणचं बंद झालं. दुसऱ्या आठवड्यापासून माझं टेबल काढलं आणि मला फिरतीवर टाकलं. कुठं? त्याच वस्त्यांत. शिक्षा म्हणून. मी गेले. घराघरात गेले, ज्याचं नाव त्यालाच विचारलं. एका तांड्यावर एक म्हातारी भेटली. तिच्या नावावर कर्जानं घेतलेला फ्रिज होता, हप्ते थकलेले. तांड्यावर वीज नव्हती. तिनं मला विचारलं, "बाई, फ्रिज म्हंजे काय असतं?" तिचाही अंगठा कुण्या भल्या माणसानं पेन्शनसाठी म्हणून घेतला होता. वसुलीची पोरं येऊन तिच्या दोन शेळ्या सोडून घेऊन गेली होती.

मी हे सगळं लिहून साहेबापुढं ठेवलं. त्यानं वाचलं. "तुम्ही फारच मनाला लावून घेता," म्हणाला. "त्या गावात आपला चौकशीचा माणूस सरपंच आहे. त्याला खोटं कसं पाडायचं? निगेटिव्ह लिहा आणि विषय संपवा. फ्रिज तिच्याच नावावर आहे."

म्हणजे चोरी झाली तिची, आणि नापास पण तीच. मला शोरूममधला हार आठवला. मायचं हसू आठवलं. त्या दिवशी मी मायच्या मागे उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. आता मीच ते लिहू? माझ्या हातानं?

"मी लिहिणार नाही," मी म्हणाले.

"मग घरी बसा."

मी घरी बसले नाही. भाड्याची एक खोली घेतली. जुने कॉम्प्युटर, एक फोन, आणि आमच्यासारख्याच वस्त्यांतली, मोटरसायकलवर फिरायला तयार असलेली पोरं-पोरी. आमची कंपनी काय करते असं लोक विचारायचे तेव्हा मी भारी शब्द वापरायची. ग्राहकांची माहिती, फसवणूक रोखणं. खरं तर आम्ही एकच गोष्ट करायचो, जी कुणी करत नव्हतं. ज्याच्या नावानं अर्ज आलाय त्याच्या दारात जायचं आणि त्यालाच विचारायचं, हे तूच मागितलंस का? ओट्यावर बसायचं नाही. चहा प्यायचा नाही. प्रतिष्ठित माणसाचं मत घ्यायचं नाही. पुढं मोबाइल आले, तेव्हा दारात जाण्याआधी फोन. एकाच हाताची सही दहा नावांखाली आली तर ती पकडणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. बनावट अर्ज सापडायला लागले. त्यामागची माणसं जवळपास सगळी ओट्यावरची निघायची. वस्तीतली क्वचित.

हे सांगायला गेले की कर्ज कंपन्यांचे साहेब मान डोलवायचे आणि काम दुसऱ्याला द्यायचे. छोटी कामं मिळत गेली. पगार कधी वेळेवर झाला, कधी नाही. आणि मग एक दिवस पुण्याहून मोठं बोलावणं आलं. दादाला कर्जबुडवा ठरवणारी तीच कंपनी. पूर्ण मराठवाड्याचं काम देणार होते. ते मिळालं तर आम्ही तरणार होतो, नाहीतर खोलीचं भाडंसुद्धा अवघड होतं.

तिथला अधिकारी सभ्य होता. खुर्ची दिली, कॉफी दिली. काम आवडलं म्हणाला. "फक्त एक रकाना वाढवा, मॅडम. आडनाव कुठल्या समाजाचं आणि वस्ती कुठली. बाकी उत्तम आहे."

"म्हणजे जात?"

"छे, छे. जात कसली. जोखीम."

मी म्हणाले, "तुमच्या यंत्रात माझ्या भावाचं नाव बघा जरा." त्यानं बघितलं. सगळं कर्ज फेडलेलं, तरी नावापुढं कर्जबुडव्याची खूण तशीच. ती काढा म्हटलं तर म्हणाला, जुन्या नोंदी निघत नाहीत. आणि कागद माझ्याकडे सरकवला. सही करायची होती.

मी बाहेर येऊन दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "करून टाक सही, बाई. तुझी कामावरची पोरं उपाशी मरतीन. रकानाच हाय, काय होतं त्यानं?"

दादा हे बोलला. माझा दादा. ज्यानं भर गावातून गाडी ढकलत आणली होती, तो. इतकी वर्षं लागली, पण भाऊसाहेबांनी अंगणात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या फोनवर मिळालं. होय, झिजलं. नाव झिजलं, माणूसही झिजला.

मी आत गेले आणि तो कागद सही न करता टेबलावर ठेवला. "रकाना टाकणार नाही," म्हणाले. त्यानं कारण विचारलं. मी दिलं नाही. ते कारण त्याच्या यंत्रातच होतं.

काम गेलं. दोन पोरं सोडून गेली, त्यांना मी दोष देत नाही. राहिलेल्यांना मी सरळ सांगितलंय, पुढचाही कुणी येईल आणि हाच रकाना मागेल, गोड बोलून मागेल. त्यालाही नाहीच म्हणायचं आहे. कंपनी बंद पडली तर पडू दे. मी हिंगोलीला परत जाऊन टायपिंग करीन, शिकवण्या घेईन. पण माझ्या हातून कुणाच्या नावापुढं त्याची वस्ती लिहिली जाणार नाही. आणि कुणाच्या नावावर काही चढवायचं असेल, तर आधी त्याच्या दारात जावं लागेल. दोन गल्ल्या ओलांडून.