मोठ्याने वाचण्याची परवानगी

खराडीच्या ऑफिसात मी नेमकं काय करते, हे सासूबाईंना पटेल असं सांगायला मला बरीच वर्षं लागली. ई-पुस्तक कायमचं विकायचं की महिनाभर भाड्याने द्यायचं, ऐकायचं असेल तर वेगळी किंमत किती, आणि एकाने घेतलेलं दुसऱ्याला फुकट जाऊ नये म्हणून कुलपं कुठे कुठे लावायची, हे मी ठरवते. ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे वाचनालयाच्या बरोबर उलट." त्यांनी खडकीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. एका ओळीत निकाल लावायची सवय तिथलीच.

शाळेतल्या आठवणींचं एक छोटं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं, पदरचे पैसे घालून छापलंही होतं. त्याचं ई-पुस्तक करायचा हट्ट माझा. एका दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही दोघींनी फॉर्म भरला. 'फोनने मोठ्याने वाचून दाखवावे का?' असा त्यात एक प्रश्न होता. मी 'नाही' निवडलं.

"का गं?"

"ऐकायचं पुस्तक वेगळं काढू ना, आई. त्याला किंमत जास्त येते. फोनच वाचायला लागला तर ते कोण घेईल?"

"आणि ज्याला दिसत नाही त्याने तोवर काय करायचं?"

"थांबायचं," मी म्हटलं. कामाचा तोरा होता, दुसरं काय.

ऐकायचं पुस्तक काही निघालं नाही. रेकॉर्डिंगचा खर्च सुटेल एवढी मागणीच नव्हती. मधल्या काळात सासूबाईंच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं बळावलं. समोरच्याचा चेहरा दिसेना, अक्षर तर नाहीच नाही. वर्तमानपत्र फोन वाचून दाखवायचा. त्याच्या एकसुरी आवाजाला त्या "आमचे नवे हेडमास्तर" म्हणायच्या.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. फोनवर त्यांचंच पुस्तक उघडलेलं होतं.

"हे वाचायची सोय बंद आहे, म्हणतोय."

तो 'नाही' माझाच होता. "मी वाचते की. छापील प्रत आहे घरात."

"सहावं प्रकरण हवंय."

सहाव्या प्रकरणात त्यांची मुलगी आहे. पहिलीत, आईच्याच वर्गात बसायची, आणि त्याच वर्षी तापाने गेली. माझ्या नवऱ्यालाही ती नीटशी आठवत नाही. घरात तिचा विषय कुणी काढत नाही. सासूबाईंनाही त्यावर कधी बोलता आलं नाही, लिहिता तेवढं आलं. मी पुस्तक आणायला उठले, तर म्हणाल्या, "तुझ्याकडून नको. तू माझ्या तोंडाकडे बघत बसशील."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी ते कुलूप काढलं. पण बदललेली अट आधी घेतलेल्या प्रतींना लागू होत नाही, आणि हा नियमही माझाच. तेव्हा त्यांच्या फोनवर त्यांचं पुस्तक पुन्हा विकत घेतलं. त्या फोन घेऊन खोलीत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. मग रोज दुपारी ती कडी लागू लागली. मी घरी असले की टीव्हीचा आवाज मुद्दाम वाढवायची.

दोनेक आठवड्यांनी ऑफिसात बैठक होती. कुठलं प्रकरण किती वेळा ऐकलं जातं, याची यादी भिंतीवरच्या पडद्यावर होती. माझ्याच हाताखाली तयार झालेला एक सहकारी मध्येच थांबला.

"मॅडम, हे बघा. लिसनर एकच आहे, पण रोज येतोय. पूर्ण पुस्तक नाही, फक्त हे सहावं चॅप्टर. याला दर वेळचा चार्ज लावून बघू या का?"

"नको."

"का पण? एवढं रिपीट करतोय म्हणजे देणार ना तो."

तो काही चुकीचं बोलत नव्हता. गिऱ्हाइकाला कशाची ओढ आहे ते बघायचं आणि तिथे किंमत लावायची, हे त्याला मीच शिकवलं होतं. आणि सासूबाईंनी पैसे दिलेही असते. एक अक्षर न बोलता, दर वेळी.