उलटी घे, उलटी चढते

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या राजापूरकडे भुताखेतांच्या गोष्टींना तोटा नाही, पण मी त्या कधी मनाला लावून घेतल्या नाहीत. शाळा सातवीत सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील... सांभाळून घ्या.

मी वाशिम जिल्ह्यात, मालेगावजवळच्या एका गावात ड्रायव्हर आहे. रस्त्याच्या कामावर आलो होतो. काम संपलं, बाकीचे गेले, मला काकूंनी, म्हणजे माझ्या मालकिणीनं, ठेवून घेतलं. राहायला खोली दिली, वाढताना कधी हात आखडला नाही. त्यांचे उपकार आहेत. त्यांच्या नवऱ्याला, काकांना, पक्षाघात झाला म्हणूनच त्यांना ड्रायव्हर हवा होता. मी आलो तेव्हा काकांची वाचा गेलेली होती. धिप्पाड माणूस, पलंग भरून पडलेला. काकू भरवताना रोज म्हणायच्या, "एक शब्द बोला जी. शिवी द्या, चालन." काका नुसते बघायचे.

गाडी ऑटोमॅटिक होती, काकांच्या दुखऱ्या गुडघ्यामुळे घेतलेली. गिअर बदलताना झटका द्यायची. काकूंचा मुलगा फोनवर म्हणायचा, ऑटोमॅटिकला काही करावं लागत नाही.

मार्चमधली दुपार. काकांना धाप लागली. त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं काकूंच्या मांडीवर, आणि वाशिमला निघालो. आमच्या गावचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो, त्याच्या अलीकडे नाला आहे आणि मग चढ. अर्ध्या चढावर गाडीनं ओढणं सोडलं. इंजिन नुसतं ओरडत होतं, चाक हलेना. करपल्यासारखा वास आला.

"काय झालं रे?"

"गिअर धरत नाहीये, काकू."

"धरत नाही म्हंजे? यायले श्वास घेनं होऊन नाही राह्यलं, अन् तू..."

अँब्युलन्सला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. रस्त्यावर माणूस नाही. काकांना उचलून वर नेणं दोघांच्यानं होणारं नव्हतं. मला भीतीसुद्धा वाटत नव्हती... काहीच वाटत नव्हतं.

तेव्हा मागून आवाज आला — "उलटी घे न बे. उलटी चढते ते."

मी वळूनही पाहिलं नाही. रिव्हर्स टाकला. धरला. उतारावर मागे घेत घेत गाडी गोल वळवली, तोंड गावाकडे झालं.

"घरी नेऊन राह्यला का रे?" काकू म्हणाल्या.

"वरच चाललोय, काकू."

मान मागे करून, रिव्हर्समध्येच, पूर्ण चढ चढवला. मोठ्या रस्त्यावर एक पिकअपवाला थांबला. त्यानं वाशिमला पोचवलं. काका त्या वेळी वाचले.

मेकॅनिकनं गिअरबॉक्स उघडला. "हे तेल हाये का डांबर? घेतल्यापासून एकदा तरी बदललं का?" पुढं जायच्या प्लेटा जळून गेलेल्या, रिव्हर्सची तेवढी धड राहिली होती. म्हणजे गाडी उलटी का चढली ते कळलं. तुमच्याकडे ऑटोमॅटिक असेल तर गिअरचं तेल वेळच्या वेळी बदला, एवढं माझं ऐका.

पण मला सांगितलं कोणी? काकूंनी त्या दिवसाबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो, सुचलं. आवाज ऐकला म्हटलं तर वेडा समजतील, नोकरी जाईल असं वाटलं.

काका दिवाळीच्या आधी गेले, न बोलताच. तेरावं झाल्यावर राहवलं नाही, काकूंना खरं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं की ते असाच चढवत, उलटा," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आवाज कसा होता?"

मी खूप आठवून सांगितलं. "बारीक होता, काकू. एवढ्या मोठ्या माणसाचा वाटणार नाही असा... थोडा बाईसारखा."

त्यांचा हात थांबला. "बारीकच होता. लग्नात माह्या बहिनी हसल्या होत्या."

मी काकांचा आवाज कधीच ऐकला नव्हता, ना फोनवर ना कुठल्या व्हिडिओत. घरात कोणी त्यांच्या आवाजाबद्दल किंवा उलट्या ट्रॅक्टरबद्दल बोललं असेल तर मला आठवत नाही.

"माह्या मांडीवर होतं त्यायचं डोकं," काकू म्हणाल्या. "मले काहून नाही आलं ऐकू?"

मी त्यांच्यासमोर बसून तांदूळ निवडायला लागलो.