मिठाच्या पाण्याची इंजेक्शनं

आमचे हे न्हावी. हात चालतो त्याच्या दुप्पट जीभ चालते. सासरे आणि मोठे दीर, दोघंही ऐन चाळिशीत छातीला हात लावून गेले. चरबी साचून रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद व्हायच्या, हा दोष या घराण्याच्या रक्तातच. तो मेला यांच्यात आला, आणि आमच्या लेकीतही उतरला. रोजच्या गोळ्या दोघांनाही पुऱ्या पडेनात.

मग इस्पितळात एका नव्या इंजेक्शनची चाचणी निघाली. गोळ्या सगळ्यांनाच चालू. वर अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नाही. लेक लहान म्हणून तिला घेईनात. हे मात्र एका पायावर तयार!

"तुम्ही काय उंदीर आहात?" मी कडाडले.

"अगं, औषध पास झालं तरच पोरीला मिळेल ना!"

झालं! सुई टोचून आले की दुकानात यांचा तोरा बघावा. गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा आणि तोंडाने सुरू, "आपल्या रक्तवाहिन्या आता लख्ख!" बिचारा मान तरी कशी हलवणार? कित्येक वर्षं यांनी एक फेरी चुकवली नाही. तेवढ्यापुरतं दुकान बंद.

शेवटी निकाल लागला. औषध पास. डॉक्टरीणबाईंनी बोलावून सांगितलं, तुम्हाला आता खरं औषध सुरू करू. आजवर पाणीच मिळत होतं.

माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं दंड पुढे केलात, पदरात काय पडलं?" मनात म्हटलं, आता गल्लीत नाक कापलं जाणार.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायला गेले, तर हे आपणहून सगळ्यांना सांगतायत, "आपल्याला पाणी मिळालं हो! पण आम्हा पाणीवाल्यांची चरबी होती तिथेच राहिली, म्हणून तर औषधवाल्यांची उतरलेली दिसली. आमच्यावाचून कळलं असतं का?" दुकान खो खो हसलं. मी डबा ठेवला आणि घरी आले. माणूस खरं बोलत होता.

आता लेक मोठी झाली. काल तिला ते इंजेक्शन मिळालं. नर्सने विचारलं, "नवीन औषध आहे, भीती नाही ना वाटत?"

"छे! हे माझ्या बाबांनी पास करून घेतलंय."

हे बाबा कोण बडे डॉक्टर, म्हणून नर्स इकडेतिकडे बघायला लागली. मी यांना हात धरून पुढे ओढलं आणि म्हटलं, "हे बघा, हेच ते."